ऐकल्यापासूनचं सुतक

कन्हेरीच्या माणसांना लांबचा पल्ला म्हणजे जेजुरी, फार तर पुणं. त्यापलीकडं जग आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण ते मोजायची गरज कुणाला पडली नव्हती. ती पडली एकट्या रावजीला, आणि एकदा मोजल्यावर त्यानं ते साऱ्या गावाला ऐकवून ऐकवून बेजार केलं.

"लंडन ते कराची पाच हजार मैल," तो गुऱ्हाळावर सांगायचा, पारावर सांगायचा, न्हाव्यापुढं डोकं वाकवून बसला तरी सांगायचा. "बोटीनं पत्र यायला ईस दिस. इमानानं सात दिसांत कराची, आठव्या दिशी म्हमई, आन् धाव्या दिशी आपली बारामती. रातीचं इमान उडत न्हाय. रातीचं त्ये उतरून झोपतं."

म्हस्कू मागच्या लढाईत बसऱ्याला खेचरं हाकून आलेला. त्याला हे काही पटत नसे. "बसऱ्यास्नं म्हमईला यायला आमाला बोटीत आठ दिस लागलं. निम्मी पलटण वकत हुती. आन् ह्यो लंडनचं सात दिस सांगतुया! उचलली जीभ लावली टाळ्याला."

लोक हसत. रावजीही हसे. ज्याचा पोरगा लंडनला आहे त्याला हसायला परवडतं. बारामतीच्या टपाल कचेरीत भिंतीवर विमानाच्या टपालाचा तक्ता टांगलेला होता. बर्वे मास्तरांनी तो रावजीला एकदा वाचून दाखवला आणि बिचाऱ्यांनी ओढवून घेतलं. दर बाजारी रावजी त्या तक्त्यापुढं उभा. वाचता येत नव्हतं, पण बोट कुठं ठेवायचं ते त्याला पाठ होतं. हे लंडन, ही कराची, ही मुंबई. मुंबईवरून बोट उचलून तो आपल्या छातीवर ठेवायचा आणि म्हणायचा, "आन् ही बारामती."

त्याचा सोपान नीरा कालव्यावरच्या साहेबाच्या तबेल्यात मोतद्दार होता. साहेबाची एक करडी घोडी होती, मोठी नखरेल. सोपानच्या हातचं सोडून दुसऱ्या कुणाच्या हातचा दाणा खायची नाही. साहेबाला पेन्शन झाली, तो घोडीसकट विलायतेला निघाला, आणि घोडी निघाली म्हणून सोपान निघाला. तिकडं घोडी रुळली की चैत्रात परत यायचं असं ठरलं. त्या श्रावणात त्याच्या बायकोला, झुंबरला, तिसरा महिना होता. एका जनावराच्या तोंडासाठी माणूस पाच हजार मैल न्यायचा ही साहेबी तऱ्हा. पण पगार दुप्पट होता आणि गावात मान चौपट, तेव्हा वाईट कुणालाच वाटलं नाही.

निघायच्या दिवशी रावजीनं साहेबाला बाजूला घेतलं.

"सायेब, काय बी झालं तरी तार धाडू नगा. इमानाचं पत्र धाडा."

कालव्यावर वीस वर्षं काढलेल्या साहेबाला मराठी समजत होतं, पण हे समजेना. मग रावजीनं त्याला आपल्या आईची गोष्ट सांगितली. रावजीचा धाकटा भाऊ पलटणीत होता. एका दुपारी दारात कुणी तरी ओरडलं, "तार आली!" म्हातारीनं पुढचं ऐकलंच नाही. तार म्हणजे माणूस गेला, एवढंच तिला माहीत. हंबरडा फोडून ती आडवी झाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. तारेत लिहिलं होतं, रजा मंजूर झाली, शनिवारी येतो. शनिवारी तो आला आणि थेट आईच्या तिरडीला खांदा देऊन मोकळा झाला.

"तार वाचायच्या आदीच मानूस मरतं," रावजी म्हणाला. "पत्र वाचंपत्तोर तरी उभं ऱ्हातं."

साहेबानं शब्द दिला. आणि तो शब्दाला जागला, हेच तर झालं.

फेब्रुवारीची एकवीस तारीख, शुक्रवार होता. रावजीच्या गुऱ्हाळावर काहील चढली होती आणि रस नुकता उकळायला लागला होता. बारामतीहून आलेल्या गाडीवाल्यानं निरोप दिला की टपाल कचेरीत तुझ्या नावाचं निळं पाकीट आलंय, विमानाचं. रावजीनं काहिलीवर माणूस बसवला, मुंडासं बांधलं आणि निघाला. जाताना म्हस्कूच्या दारावरून मुद्दाम गेला. "इमानाचं आलंय," एवढंच बोलला. पोरानं पगारातून साठवून बापाची हौस पुरवली असं त्याला वाटत होतं. सोपानची पत्रं बोटीनं यायची, आणि तीही बहुतेक इंदापूरला, झुंबरच्या माहेरी. ती तिकडं बाळंतपणाला गेली होती. नऊ दिवसांपूर्वी, बारा तारखेला, तिला मुलगा झाला होता, आणि येत्या रविवारी बाराव्या दिवशी बारसं होतं.

बर्वे मास्तरांनी पाकीट फोडलं. पत्र इंग्रजीत होतं. मास्तरांनी ते आधी मनात वाचलं, मग चष्मा काढून पुसला, मग पुन्हा वाचलं. रावजी समोर उभा होता, एक हात तक्त्यावर ठेवून.

"बस रावजी."

"बसतु की. वाचा तर खरं."

"आधी बस."

मग मास्तरांनी सांगितलं. आडपडदा ठेवून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. सोपानच्या छातीत थंडी भरली, ताप चढला. पाच दिवस इस्पितळात होता. दहा तारखेला, सोमवारी सकाळी तो गेला. साहेबानं आपल्या रीतीनं नव्हे, हिंदू रीतीनं दहन करवलं होतं, आणि त्याचं सामान पुढच्या बोटीनं येणार होतं. घोडीनं तीन दिवस दाण्याला तोंड लावलं नाही असंही साहेबानं लिहिलं होतं.

रावजी रडला नाही. तो मनानं एकेक दिवस मागं जात राहिला. दहा तारीख, सोमवार. त्या दिवशी हंगामातला पहिला चांगला गूळ उतरला होता. त्यानं बोटावर घेऊन चाटला होता आणि म्हणाला होता, ही ढेप सोपानला ठेवा. बुधवारी नातू झाल्याचा सांगावा आला तेव्हा त्यानं घरोघर गूळ वाटला. पोरगं मरून दोन दिवस झाले होते आणि बाप गावभर गूळ वाटत फिरत होता. आता मात्र त्याला आपलीच किळस आली.

मग त्यानं विचारलं, "मास्तर, सुतक कंदीपास्नं धरायचं? आज अकरा दिस होऊन गेलं."

मास्तर ब्राह्मण, घरी पंचांग बाळगणारे. त्यांना बोलायला काही तरी सापडलं म्हणून बरं वाटलं. "दहा दिवसांच्या आत ऐकलं तर उरलेले दिवस. दहा दिवस उलटून गेल्यावर ऐकलं तर ऐकल्यापासून तीन दिवस."

"ऐकल्यापास्नं."

"हो."

"आन् ज्यानं ऐकलंच न्हाय त्याला?"

"न ऐकलेल्याला सुतक कुठलं?"

रावजीनं मान वर केली. "ह्येच पत्र बोटीनं आलं असतं, तर कंदी आलं असतं?"

मास्तरांनी सवयीनं तक्त्याकडं पाहिलं, जणू त्यात बोटींचंही वेळापत्रक होतं. "दोन मार्च. नाही तर तीन."

"म्हंजी तवर माझी सून सवाष्ण हाय."

"रावजी," मास्तर हळू आवाजात म्हणाले, "अरे, ती विधवा होऊन आज अकरा दिवस झाले."

"तिनं कुठं ऐकलंय? मी ऐकलं, तुमी ऐकलं. परवा बारसं हाय मास्तर. आज सांगितलं तर बांगड्या फोडत्याल, कुकू पुसत्याल, आन् ती ओली बाळंतीन कोपऱ्यात पडंल. पोराला पाळन्यात घालायला बी तिला कुनी उभी करनार न्हाय. म्हमईच्या बोटीनं तिला ह्ये दहा दिस दिलंतं. ह्या इमानानं चोरलं. मी त्ये माघारी देतु, दुसरं काय?"

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"न्हाय ऱ्हात. पर येळ मिळतो."

मास्तरांनी आणखी काही बोलून पाहिलं, पण त्यांनाही दोन मुली होत्या. शेवटी त्यांनी पत्र घडी करून पाकिटात घातलं. असलं पत्र घरात नेत नाहीत, म्हणून रावजीनं ते त्यांच्याकडंच ठेवलं. परतीच्या वाटेवर कालव्यात अंगावरच्या कपड्यांनिशी त्यानं तीन बुड्या मारल्या. पोराच्या नावानं आंघोळ करायला त्याला दुसरा आडोसा नव्हता.

ओलाचिंब घरी आला तर छबूबाई, त्याची बायको, दारातच हसायला लागली.

"आवं, ह्ये काय झालं?"

"कालव्यात पाय घसरला."

"लंडनचं मैल मोजतासा, आन् पायाखालचा दगूड दिसत न्हाय!" तिनं त्याच्या अंगावर कोरडं धोतर टाकलं. "आन् पाकीट कसलं हुतं?"

"सायबाचं हुतं. घोडी बरी हाय म्हनं."

"आन् सोपान?"

"बरा हाय," रावजी म्हणाला. आणि धोतर नेसायच्या निमित्तानं आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

शनिवारी दोघं सर्व्हिस मोटारीनं इंदापूरला निघाले. छबूबाईच्या मांडीवर टोपल्यात झबलं, टोपडं, सुनेला लुगडं आणि गुळाची एक ढेप. ती ढेप रावजीनं ओळखली. लेकाची नातवाला, असं म्हणून बायकोनं उचलली होती. लासुर्णं मागं पडलं, निमगाव आलं. छबूबाईचं तोंड काही बंद होत नव्हतं. पोराचं नाक कुणावर गेलं असेल, चैत्रात बाप येईल तेव्हा पोर हसायला लागलेलं असेल, मोतद्दारी पुरे झाली आता त्याला मळ्यात घाला. रावजी "व्हय, व्हय" करत होता. खिडकीतून धूळ येत होती, आणि ती डोळ्यांत गेल्याचं निमित्त त्यानं त्या वाटेवर पुन्हा पुन्हा वापरलं. मेलेल्या पोराच्या आईशेजारी बसून तीस मैल जाणं किती लांब, ते कुठल्या तक्त्यात लिहिलेलं नसतं.

इंदापूरला झुंबरचा बाप आबासाहेब अंगणातच सामोरा आला. गडी मोठ्या तोंडाचा आणि मोठ्या मनाचा.

"या इवाई! टायमाला आलासा. आजच जावईबापूंचं पत्र आलंया!"

क्षणभर, अगदी क्षणभरच, रावजीला वाटलं की साहेब खोटा, मास्तर खोटा, तक्ताही खोटा. आबासाहेबाचा मुलगा संभाजी मामलेदार कचेरीत नकला उतरायचं काम करत असे. बायका माजघराच्या दाराशी गोळा झाल्या आणि त्यानं पत्र पुन्हा एकदा मोठ्यानं वाचायला घेतलं.

"मुक्काम लंडन, तारीख दोन फेब्रुवारी, रविवार..."

तारीख कुणीच ऐकली नाही. पत्राच्या तारखा ऐकायच्या नसतातच, पुढं काय लिहिलंय ते ऐकायचं असतं. रावजीनं मात्र तेवढीच ऐकली. दोन तारखेला पोरगा लिहीत बसला होता, आणि दहाला गेला. साहेबाच्या पत्राचं विमान आठवडाभर उशिरा निघालं आणि या पत्राच्या बोटीच्या एक दिवस आधी पोचलं. लिहिणाऱ्याला अजून आठ दिवस होते.

"...सर्वांस सोपानचा साष्टांग नमस्कार. इकडं थंडी फार. पाणी रात्रीत दगड होतं. घोडी झकास आहे, मला सोडून कुणाला जवळ येऊ देत नाही. मागल्या आठवड्यात छातीत कफ भरला होता, आता हलकं वाटतं. काळजी नसावी. वडिलांना सांगावं की विमानाचं पाकीट मी अजून धाडलं नाही, पण एकदा धाडीन, त्यांची हौस आहे. मुलगा झाला तर मानसिंग नाव ठेवावं, मुलगी झाली तर आईच्या मनाला येईल ते. घरच्या मंडळींनी जिवाला जपावं."

घरची मंडळी म्हणजे झुंबर. त्या ओळीला बायकांत खसखस पिकली. दाराआडून झुंबरचा चेहरा अर्धाच दिसत होता, बाळंतपणानं पिवळा पडलेला आणि लाजेनं फुललेला. छबूबाई म्हणाली, "कफ भरलाता म्हनं! हळद घालून दूध प्यायला सांगा त्याला." रावजी म्हणाला, "सांगतु." आणि उठून गोठ्याकडं गेला.

दुसऱ्या दिवशी बारसं. निमगावहून रावजीची लेक रंगू आली, कारण नाव आत्यानं ठेवायचं. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या. झुंबर नवं लुगडं नेसून, मळवट भरून बाहेर आली. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत. रावजीनं तिच्याकडं पाहिलं आणि त्याला पहिल्यांदा वाटलं की आपण केलं ते बरोबर केलं. आणि लगेच वाटलं, आपण केवढं भयंकर केलं! दोन्ही खरंच होतं.

पोराला आजोबाच्या मांडीवर द्यायला रंगू पुढं आली. रावजी दोन पावलं मागं सरला. तो सुतकात होता, आजचा तिसरा दिवस. बाकी सारं घर चोख होतं, विटाळ त्याच्या एकट्याच्या अंगावर होता. बाप मेलेल्या पोराला त्या हातांनी कसं घ्यायचं?

"हाताला काहिलीचा चटका बसलाय," तो म्हणाला.

"बघू," छबूबाई म्हणाली.

"बघायचं काय त्यात? ऱ्हाऊ दे."

तो घुगऱ्या खाईना, गुलाल लावून घेईना, पंगतीत पानावरून भात चिवडून उठला. आणि मग व्हायचं तेच झालं. आपल्या मुलखात व्याही तोंड पाडून बसला तर त्याला एकच कारण असतं. आबासाहेबाच्या बायकोनं नवऱ्याला आत बोलावून खडसावलं की मानपानात कुठं तरी कमी पडलं, नाही तर इवाई असे रुसले नसते. चार म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. एक म्हणाली, सुरुवातीला पाय धुवायला पाणी दिलं ते गार होतं. दुसरी म्हणाली, तूप पंगतीत त्यांच्याकडं उशिरा आलं. बिचारा आबासाहेब घामाघूम झाला. त्यानं पेटी उघडली, ठेवणीतलं कोरं पागोटं काढलं आणि साऱ्या मंडळींदेखत रावजीपुढं उभा राहिला.

"इवाई, चुकलं माकलं पदरात घ्या. पोरीच्या बापाकडं बगून राग सोडा."

आणि रावजी काही बोलायच्या आत त्यानं त्याच्या डोक्यावरचं मुंडासं काढून ते पागोटं बांधायला घेतलं. पांढरं स्वच्छ पागोटं. घरात माणूस गेलं की दुखवट्याला सोयरे येतात आणि मागं राहिलेल्याच्या डोक्याला असंच कोरं पागोटं बांधतात. रावजी मान खाली घालून बसला होता. एकेक वेढा पडत होता. सारे हसत होते, कुणी तरी म्हणालं, "झ्याक दिसतंय!" त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा आबासाहेबानं त्याला मिठी मारली आणि स्वतःही रडला. राग निवळला म्हणून घरभर आनंद झाला. पोराच्या दुखवट्याला एवढी हसरी माणसं कुणाच्या वाट्याला आली नसतील.

सोमवारी दुपारची मोटार होती. सकाळी झुंबरनं सासऱ्याला बाळंतिणीच्या खोलीपाशी बोलावलं. उंबऱ्याच्या आत ती, बाहेर हा. तिनं घडी केलेला कागद पुढं केला.

"मामंजी, दादाकडनं लिवून घेतलंया. आन् खाली बाळाचा पाय उमटवलाय, कुकवात बुडवून." एवढं सासऱ्यासमोर ती कधी बोलली नव्हती. "ह्ये इमानानं धाडा. पोरगा झाल्याचं अजून धाडलंच न्हाय, नाव ठिवल्यावर धाडू म्हनलं; आता बोटीनं धाडलं तर कवा पोचायचं? तुमी म्हनता न्हवं, इमानानं धा दिसांत."

"व्हय," रावजी म्हणाला.

टपाल कचेरीत तो संभाजीबरोबर गेला. वाटेत कागद त्याच्या बंडीच्या खिशात होता आणि आतल्या कुंकवाचा रंग कापडाला लागत होता. खिडकीपलीकडच्या माणसानं पत्ता वाचला, विचारलं, "कसं धाडायचं? विमानानं?"

रावजीनं बोटं मोजली. विमानानं गेलं तर दहा दिवसांत साहेबाच्या हातात. साहेब सज्जन माणूस, तो लगेच विमानानं उलट लिहिणार, आणि ते पत्र थेट या घरी, थेट संभाजीच्या हातात. बोटीनं गेलं तर वीस दिवस जायला, उलट विमानाला दहा, म्हणजे पोर जन्मल्यापासून मोजलं तर सव्वा महिना. बाळंतीण सव्वा महिना निभावली की तिच्या अंगात बळ येतं. आधी त्यानं बारशापुरतंच मागितलं होतं, मग दोन मार्चपर्यंत. आता सव्वा महिना तरी मिळतोय.

"बोटीनं," तो म्हणाला.

संभाजी चमकला. "मामा, झुंबरनं इमानानं सांगितलंया. आन् तुमी तर..."

सहा महिने ज्यानं विमानावाचून दुसरी गोष्ट केली नाही तो माणूस लेकाच्या पहिल्या मुलाची खबर बोटीनं धाडत होता. संभाजीनं रावजीच्या तोंडाकडं पाहिलं. मग काल न खाल्लेल्या घुगऱ्या, न घेतलेलं पोर, चटका नसलेला हात, सारं त्याच्या ध्यानात आलं. कचेरीत नकला उतरून त्याला एक सवय लागली होती. पत्र वाचताना त्याची नजर आधी तारखेवर जायची. परवा ती का गेली नाही, याचंच त्याला आता नवल वाटलं.

"किती दिस झालं, मामा?"

"आज चवदा."

खिडकीतला माणूस वाट पाहत होता. संभाजी त्याच्याकडं वळून म्हणाला, "बोटीनंच टाका."

वाटेत रावजीनं त्याला सगळं सांगितलं. सव्वा महिन्याचंही सांगितलं. संभाजी मान हलवत होता. "आमी कुनी बोलनार न्हाय," तो म्हणाला. "आईला बी सांगत न्हाय." दोघांनी मिळून ठरवल्यावर रावजीला तीन दिवसांत पहिल्यांदा जरा श्वास आला. पाप वाटून घेतलं की हलकं होतं, असं माणसाला वाटतं खरं.

घरी झुंबर दाराशीच उभी होती, पोर खांद्यावर. बाळंतिणीनं असं वाऱ्यात उभं राहायचं नसतं, पण तिला राहवलं नव्हतं.

"टाकलं, मामंजी?"

"टाकलं."

"इमानानं?"

रावजीच्या तोंडून "व्हय" निघालं.

"आज सोमवार," ती म्हणाली, आणि पोराच्या पाठीवर बोटं ठेवून मोजू लागली. "बुधवारच्या बुधवारी पोचंल. त्ये वाचत्याल, आन् पोराचा पाय बघितल्यावर बोटीची वाट बघायचं न्हाईत, इमानानंच जबाब धाडत्याल. त्याला आनिक धा. म्हंजी रंगपंचमीच्या मागंपुढं." ती पोराच्या कानाशी लागली. "मी रोज एक खूण करनार हाय भित्तीवर. एक बी दिस इसरायची न्हाय."

तिनं खरोखरच आत हात लांबवला आणि कुंकवाच्या बोटानं उंबऱ्याजवळच्या भिंतीवर पहिली उभी रेघ ओढली.

रावजी त्या रेघेकडं बघत राहिला. त्यानं तिला सुखाचे दिवस द्यायचे ठरवले होते, आणि तिच्या पदरात हे पडलं होतं. रोज एक रेघ. वीस रेघा होतील, मग पंचवीस, मग ही पोर दारात येऊन टपालवाल्याची वाट बघत बसेल, आणि घरात दोन माणसं तिच्या तोंडाकडं बघायचं टाळतील. वाट बघणं म्हणजे काय, ते सहा महिने त्या तक्त्यापुढं उभं राहिलेल्या रावजीहून जास्त कुणाला ठाऊक होतं? आणि त्याच्या वाटेच्या शेवटाला निदान जिवंत पोरगा होता.

त्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं. सुनेसमोर सासरा बोडक्या डोक्यानं उभा राहत नाही. झुंबरनं ते पाहिलं आणि तिचं हसू तोंडावरच थांबलं. मागं संभाजी पुटपुटला, "मामा, नगा..." माजघरातून छबूबाई मोटारीची वेळ झाली म्हणून हाका मारत होती.

"छबू, तू बी हिकडं ये," रावजी म्हणाला. मग सुनेकडं वळला.

"पोरी, आदी पोराला खाली ठेव."